तीन दिवसांच्या गल्ल्यातून काय कळते?

हॉलिवूडच्या नव्या चित्रपटांच्या पहिल्या आठवडाअखेरीच्या कमाईविषयी वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. आठवडाअखेर म्हणजे शुक्रवार ते रविवार हे तीन दिवस. जेथे वेगळा उल्लेख नाही तेथे आकडे अमेरिका आणि कॅनडा मिळून झालेल्या कमाईचे आहेत, कारण तिकडचा चित्रपट-व्यवसाय या दोन देशांना एकच देशांतर्गत बाजारपेठ धरतो.

प्रश्न : आपल्याकडे रविवारी संध्याकाळी हॉलिवूडच्या चित्रपटांची तीन दिवसांची कमाई बातम्यांत झळकते. त्या वेळी अमेरिकेत रविवारची सकाळ असते. मग जे खेळ अजून व्हायचे आहेत त्यांची कमाई आधीच कशी सांगितली जाते? (एक वाचक, नाशिक)

रविवारी जाहीर होतो तो अंदाज असतो, हिशेब नव्हे. शुक्रवार आणि शनिवारची तिकीटविक्री तोवर मोजून झालेली असते. रविवारचा आकडा मात्र स्टुडिओ आगाऊ विक्री, शनिवारचा कल आणि त्याच जातकुळीच्या आधीच्या चित्रपटांचा अनुभव पाहून बसवतात. पक्का आकडा सोमवारी येतो, पण तोवर मथळे छापून झालेले असतात.

या दोन आकड्यांतला फरक मला रविवारच्या मथळ्यापेक्षा अधिक बोलका वाटतो. २१ जुलै २०२३ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘बार्बी’चा रविवारचा अंदाज १५.५ कोटी डॉलरचा होता आणि सोमवारी तो १६.२ कोटी निघाला. ऑक्टोबर २०२४ मधल्या ‘जोकर : फोली आ द’ या ‘जोकर’च्या दुसऱ्या भागाचे उलटे झाले, अंदाज ४ कोटींचा होता आणि हाती आले सुमारे ३.७७ कोटी. पहिल्या दोन दिवसांत चित्रपट पाहून आलेली मंडळी जे बोलतात त्याचा पहिला परिणाम रविवारच्या तिकीटबारीवर होतो, आणि तो कोणत्याही तक्त्यात आधी धरता येत नाही.

शुक्रवारचा आकडाही थोडा सोलून पाहावा. गुरुवारी संध्याकाळी जे पूर्वखेळ होतात त्यांची कमाई तिकडे शुक्रवारात मिळवतात. ‘बार्बी’च्या शुक्रवारच्या सुमारे ७.०५ कोटींपैकी २.२३ कोटी गुरुवारचे होते. ते वजा केले की खरा शुक्रवार ४.८ कोटींच्या आसपास येतो, आणि शनिवारही जवळपास तेवढाच होता. वरवर पाहणाऱ्याला शनिवारी मोठी घसरण झाल्यासारखे वाटले असते, प्रत्यक्षात गर्दी टिकून होती.

प्रश्न : याच ‘जोकर’च्या दुसऱ्या भागाचा निर्मितीखर्च १९ ते २० कोटी डॉलर होता असे वाचले आणि जगभरातली कमाईही २० कोटींच्या थोडी वर गेली. मग खर्च भरून निघाला असे का म्हणत नाहीत? (एक वाचक, कोल्हापूर)

तिकीटबारीवर जमा झालेला पैसा निर्मात्याचा नसतो, म्हणून. अमेरिकेत ढोबळमानाने निम्मी रक्कम चित्रपटगृहांकडे राहते. इतर देशांत स्टुडिओचा वाटा बहुधा याहून कमी असतो, आणि चीनमध्ये तर तो चौथ्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे जागतिक कमाईचा एकच मोठा आकडा सांगितला की त्यातला कोणता डॉलर कोठून आला हे झाकले जाते. अमेरिकेतले दहा कोटी आणि चीनमधले दहा कोटी स्टुडिओच्या खात्यावर सारखे नसतात.

दुसरे असे की निर्मितीखर्च म्हणून जो आकडा छापून येतो त्यात प्रसिद्धीचा खर्च धरलेला नसतो, आणि मोठ्या चित्रपटाच्या बाबतीत तो काही कोटी डॉलरच्या खाली क्वचितच असतो. म्हणून या व्यवसायात एक ढोबळ हिशेब रूढ आहे : निर्मितीखर्चाच्या अडीच पट जागतिक कमाई झाली तर चित्रपट चित्रपटगृहांतूनच तरला असे समजावे. पुढे टीव्ही आणि ओटीटीचे हक्क विकून पैसा येतो, तेव्हा हा हिशेब काटेकोर नाही, पण दिशा दाखवायला पुरतो. त्या मापाने पाहिले तर ‘जोकर’च्या दुसऱ्या भागाला ५० कोटींच्या आसपास पोहोचायला हवे होते. पहिल्या भागाने, २०१९ मध्ये, १०० कोटींचा टप्पा ओलांडला होता, त्यामुळे ही अपेक्षा हवेतली नव्हती.

प्रश्न : दुसऱ्या आठवड्यात कमाई साठ टक्क्यांनी घसरली की समीक्षक चित्रपटाला अपयशी ठरवतात. घसरण किती असली तर ती वाईट समजावी? (एक वाचक, पुणे)

या प्रश्नाला एका टक्केवारीत उत्तर नाही, परंतु माझ्या मते चित्रपटाविषयी काही कळायचे असेल तर ते येथेच कळते. पहिल्या तीन दिवसांत प्रेक्षक येतो तो नटाचे नाव, आधीच्या भागाची आठवण आणि जाहिरात यांच्या भरवशावर. चित्रपट तेव्हा त्याने पाहिलेलाच नसतो. दुसऱ्या शुक्रवारी येणाऱ्याला मात्र कोणीतरी सांगितलेले असते.

साधारणपणे मोठ्या चित्रपटाची कमाई दुसऱ्या आठवडाअखेरीस ५० ते ६० टक्क्यांनी उतरते आणि त्यात कोणी वावगे मानत नाही. सुपरहिरोंच्या चित्रपटांचे चाहते पहिल्याच दिवशी रांग लावतात, त्यामुळे त्यांची उतरण अधिक असते. मुलांच्या चित्रपटांची कमी, कारण आईवडिलांना सवड मिळेल तेव्हा ते नेतात. ‘बार्बी’ आणि त्याच दिवशी आलेला ‘ओपेनहायमर’ हे दोन्ही सुमारे ४३ टक्क्यांनी उतरले. एवढ्या मोठ्या सुरुवातीनंतर ही उतरण फारच सौम्य म्हणावी लागेल. ‘टॉप गन : मॅव्हरिक’ २०२२ मध्ये २९ टक्क्यांवर थांबला. ‘जोकर’चा दुसरा भाग ८१ टक्क्यांनी कोसळला, ३.७७ कोटींवरून तो ७० लाखांच्या घरात आला.

१६ जून २०२३ चा शुक्रवार यासाठी अभ्यासण्यासारखा आहे. त्या दिवशी ‘द फ्लॅश’ हा सुपरहिरोपट आणि पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओचा ‘एलिमेंटल’ समोरासमोर आले. ‘द फ्लॅश’ने ५.५ कोटी मिळवून पहिला क्रमांक घेतला. ‘एलिमेंटल’ २.९६ कोटींवर अडकला, आणि पिक्सारच्या लौकिकाला हे शोभणारे नाही अशी टीका लगेच सुरू झाली. पुढे ‘द फ्लॅश’ दुसऱ्याच आठवड्यात सत्तर टक्क्यांहून अधिक घसरला आणि १०.८ कोटींवर संपला, म्हणजे सुरुवातीच्या दुप्पटही नाही. ‘एलिमेंटल’ मात्र उन्हाळाभर चालत राहिला आणि १५.४ कोटींपर्यंत, सुरुवातीच्या पाच पटींवर गेला. पहिल्या सोमवारी ज्यांनी निकाल लावून टाकला होता त्यांनी तो नंतर बदलल्याचे फारसे दिसले नाही. या धंद्यातल्या बातमीदारीचे ते जुने दुखणे आहे.

प्रेक्षकांचे मत लवकर जाणून घ्यायचे असेल तर सिनेमास्कोअर या संस्थेची श्रेणी पाहावी. पहिल्या रात्री चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्यांकडून ती मते घेते आणि ‘ए प्लस’पासून ‘एफ’पर्यंत श्रेणी देते. ‘जोकर’च्या दुसऱ्या भागाला ‘डी’ मिळाली होती. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ‘सिनर्स’ला ‘ए’ मिळाली, आणि भयपटाला अशी श्रेणी मिळणे फार दुर्मीळ आहे. त्याची सुरुवात ४.८ कोटींची होती. खर्च ९ ते १० कोटींचा असल्याने ती पुरेशी नाही असा सूर काही ठिकाणी निघाला. दुसऱ्या आठवडाअखेरीस तो जेमतेम पाच टक्क्यांनी उतरला आणि अखेर साडेसत्तावीस कोटींच्या पुढे गेला.

डिसेंबरचे चित्रपट या तुलनेत घेऊ नयेत. दुसरी आठवडाअखेर नाताळच्या सुट्टीत येत असल्याने तिकडे घसरण मुळात कमीच असते. २००९ चा ‘अवतार’ ७.७ कोटींवरून ७.५६ कोटींवर आला होता, त्यात गुणवत्तेइतकाच दिनदर्शिकेचाही हात होता.

प्रश्न : हॉलिवूडच्या चित्रपटांची भारतातली कमाई वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी का दिसते? (एक वाचक, ठाणे)

आपल्याकडे ‘नेट’ सांगण्याची पद्धत आहे आणि हॉलिवूडमध्ये ‘ग्रॉस’. मल्टिप्लेक्सचे २३६ रुपयांचे तिकीट घेतले तर त्यात १८ टक्क्यांप्रमाणे ३६ रुपये जीएसटी असतो. आपला व्यापार २०० रुपये मोजतो, तर स्टुडिओचा जागतिक तक्ता २३६ धरतो. बातमीत कोणता आकडा घेतला आहे हे लिहिलेले नसेल तर तुलना करू नये.

वाटणीची पद्धतही माहीत असावी. २००९ मध्ये हिंदी चित्रपटांचे निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यातला संप मिटला तेव्हा वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के असा ठरला. पहिल्या आठवड्यासाठी निर्माते एवढा आटापिटा का करतात, याचे उत्तर या उतरत्या पायरीत आहे. जाता जाता : ‘ओपेनहायमर’ आणि ‘बार्बी’ यांच्यात अमेरिकेने ‘बार्बी’ला जवळजवळ दुप्पट सुरुवात दिली, पण भारतात पहिल्याच आठवडाअखेरीस ‘ओपेनहायमर’ पुढे होता.

प्रश्न : ‘आजवरची सर्वाधिक कमाई’ हे शब्द दर एक-दोन वर्षांनी कानी पडतात. त्यांवर किती विश्वास ठेवावा? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

डॉलरपुरता. अमेरिकेतले सरासरी तिकीट १९९७ मध्ये ४.५९ डॉलर होते, २०१९ मध्ये ९.१६. ‘टायटॅनिक’ने पहिल्या प्रदर्शनात ६० कोटी मिळवले आणि ‘अव्हेंजर्स : एंडगेम’ने ८५.८ कोटी, साधा भागाकार केला तर तिकिटे पहिल्याची तेरा कोटींच्या आसपास आणि दुसऱ्याची साडेनऊ कोटींच्या आत येतात. ‘एंडगेम’ची पहिली आठवडाअखेर ३५.७ कोटींची होती, ‘टायटॅनिक’ची २.८६ कोटींची. तो मात्र सलग पंधरा आठवडाअखेरी पहिल्या क्रमांकावर राहिला.

प्रश्न : चित्रपट महिन्याभरात घरी पाहायला मिळणार असेल तर या पहिल्या तीन दिवसांना आता काय महत्त्व उरले? (एक वाचक, मडगाव)

उलट ते वाढले आहे. पूर्वी चित्रपटगृह आणि घर यांच्यात साधारण तीन महिन्यांचे अंतर असे. जुलै २०२० मध्ये युनिव्हर्सल हा स्टुडिओ आणि एएमसी ही चित्रपटगृहांची साखळी यांच्यातल्या करारात ते १७ दिवसांवर, म्हणजे तीन आठवडाअखेरींवर आले. त्याच वर्षी सिनेमार्क या साखळीशी केलेल्या करारात युनिव्हर्सलने आणखी एक कलम मान्य केले : ज्या चित्रपटाची सुरुवात ५ कोटी डॉलर किंवा त्याहून अधिक होईल तो किमान ३१ दिवस, म्हणजे पाच आठवडाअखेरी, फक्त चित्रपटगृहातच राहील. रविवारी रात्री ४.९ कोटींवर थांबलेला चित्रपट आणि ५.१ कोटींवर पोहोचलेला चित्रपट यांच्यात प्रेक्षकांच्या दृष्टीने काहीच फरक नसतो, पण त्या कलमानुसार एकाला घरोघरी जाण्याची मुभा दोन आठवडे आधी मिळत असे.