पोराचा गेमचा नाद सुटावा म्हणून लिनक्स टाकू का?

‘विचारा बिनधास्त’मधे या वेळी लिनक्सवर (विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) गेम खेळण्याबद्दलची बरीच पत्रं आलीत. कारण उघड आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरोघरचे जुने पीसी विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत, अन् नवा घ्यायचा म्हणलं की सोयाबीनच्या भावाचा विषय निघतो. नावं छापत नाही, नुसती गावं देतोय.

प्रश्न (लातूर): मुलगा अकरावीला आहे, नीटची तयारी चालू आहे. क्लासवरून आला की जो कंप्युटरसमोर बसतो तो जेवायला पण उठत नाही. आमच्या ऑफिसात कंप्युटर बघणारा पोरगा म्हणला, साहेब लिनक्स टाकून द्या, त्याच्यात गेमच चालत नाहीत, आपोआप अभ्यासाला लागंल. हे खरंय का?

उत्तर: काका, हा सल्ला दहा वर्षांपूर्वी कामाला आला असता. तेव्हा लिनक्सवर खरंच हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या मोठ्या गेम होत्या. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीनं २०१५ मधे लिनक्सवरचे स्टीम मशीन बाजारात आणून बघितले, पण खेळायलाच काही नव्हतं तर घेणार कोण, ते बसलेच. मग त्यांनी रस्ता बदलला. गेम बनवणाऱ्यांना लिनक्ससाठी वेगळी गेम बनवा म्हणून हातापाया पडण्यापेक्षा विंडोजचीच गेम जशीच्या तशी लिनक्सवर चालवायची, आणि त्यातून ऑगस्ट २०१८ ला प्रोटॉन आलं. त्याच्या पोटात वाइन आहे, ते काही नवं नाही, १९९३ पासून चालू असलेलं काम आहे. गेम विंडोजला जे काही मागते ते वाइन लिनक्सला त्याच्या भाषेत सांगतं, आणि डायरेक्ट३डीची (डायरेक्टएक्स या विंडोजच्या गेम-सामानातला चित्रांचा भाग) चित्रं काढायची कामं डीएक्सव्हीके नावाचा भाग व्हल्कन या लिनक्सला समजणाऱ्या पद्धतीत बदलून ग्राफिक्स कार्डाला देतो. डायरेक्टएक्स १२ असेल तर तेच काम व्हीकेडी३डी-प्रोटॉन करतो. २०२२ ला स्टीम डेक आला, तो हातात धरायचा पीसी, आत लिनक्सच, आणि मग सगळ्यांनीच हे मनावर घेतलं.

म्हणजे तुमचा मुलगा काय करील, स्टीम टाकील, आणि तुम्ही संध्याकाळी घरी येईपर्यंत एल्डन रिंग खेळत बसलेला असंल. वरून दर आठ दिवसाला वेगळं लिनक्स टाकून बघायचा नवा नाद लागला तर तो गेमच्या नादापेक्षा बेकार, हे मी बघितलेलं आहे. फक्त एकच गोष्ट, तो व्हॅलोरंट खेळत असेल तर मात्र तुमचं काम फत्ते. का ते खालच्या उत्तरात आहे. तर आधी तो नेमकं खेळतो काय ते त्यालाच विचारा, पासवर्ड लावायचं नंतर बघू.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर, इंजिनिअरिंगचं हॉस्टेल): भावा, आमच्या मजल्यावर सगळे व्हॅलोरंट खेळायलेत अन् रात्री एफसी (ईए कंपनीची फुटबॉलची गेम). मी कॉलेजच्या कामासाठी लॅपटॉप पूर्ण उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) केला. वाइनमधी व्हॅलोरंट नाही चाललं, व्हर्च्युअल मशीनमधी (लिनक्सच्या आत चालवलेलं वेगळं विंडोज) पण नाही चाललं. काही जुगाड हाय का?

उत्तर: नाही. सरळ सांगतो म्हणजे तुझी आणखी एक रात्र वाचंल.

झालंय काय, या गेमा लिनक्सवर चालत नाहीत यात चित्रांचा, एफपीएसचा (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचा) काही संबंध नाही, ती बाजू सुटलेली आहे. अडलंय ते अँटीचीटवर, म्हणजे चीट करणाऱ्यांना पकडणाऱ्या प्रोग्रामवर. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड हे विंडोजच्या कर्नलमधे (सिस्टीमच्या गाभ्यात) ड्रायव्हर म्हणून बसतं, ते पण मशीन सुरू होताना, गेम उघडायच्या कितीतरी आधी. वाइन विंडोजचे प्रोग्राम चालवतं पण त्याच्याखाली विंडोजचा कर्नल नसतोच, कर्नल लिनक्सचा असतो, मग असला ड्रायव्हर बसणार कुठं. व्हर्च्युअल मशीनमधे कर्नल खरा विंडोजचा असतो, पण तिथं बाहेरून गेमच्या मेमरीत हात घालता येतो म्हणून व्हॅनगार्ड ते ओळखून बंद करतं. कुणी यूट्यूबवर व्हर्च्युअल मशीन लपवायची युक्ती सांगत असंल तर लांब राहा, अकाउंट बॅन झालं की त्यात घेतलेल्या स्किनचे पैसे पण गेले.

आता सगळेच अँटीचीट असे नाहीत, आणि इथंच लोकांची गल्लत होते. ईझी अँटीचीट आणि बॅटलआय या दोघांनी २०२१ मधेच प्रोटॉनवर चालायची सोय करून ठेवली. पण ती चालू करायची का नाही हे गेमच्या कंपनीनं ठरवायचं असतं. एल्डन रिंगमधे ईझी अँटीचीट आहे आणि ती ऑनलाइन मस्त चालते. फोर्टनाइटमधे पण ईझी अँटीचीटच आहे, जे फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिकच्याच मालकीचं आहे, पण एपिकनंच ते लिनक्ससाठी चालू केलेलं नाही! जीटीए ऑनलाइनचं तर बघ, चांगलं चालू होतं, सप्टेंबर २०२४ मधे बॅटलआय बसवलं आणि लिनक्सवाले बाहेर, स्टोरी मोड मात्र अजून चालतो. एपेक्स लेजंड्स दोन-अडीच वर्षं लिनक्सवर चालली, ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी कंपनीनं सांगितलं की चीट करणारे लिनक्सचा फायदा घेतात, अन् दार लावून घेतलं. लीग ऑफ लेजंड्स त्याच वर्षी व्हॅनगार्डवर गेली. तुमची रात्रीची एफसी, तिला ईएचं स्वतःचं अँटीचीट आहे, ती पण नाही. कॉल ऑफ ड्यूटी नाही, पब्जी नाही, बॅटलफील्ड ६ नाही.

माझं मत विचारशील तर एपेक्सवाल्यांचं कारण मला अर्धंच पटतं. कर्नल आपल्या हातात असला की अँटीचीटपासून लपणं सोपं जातं हे खरं, पण विंडोजवर कर्नलमधे जाऊन बसलेलं अँटीचीट असूनही चीटर आहेतच की. खरं कारण हिशोबाचं असावं. स्टीमच्या सर्व्हेत लिनक्सवाले पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेले ते ऑक्टोबर २०२५ मधे, आणि तेवढ्यांसाठी वेगळी डोकेदुखी कोण घेईल. आकडा वाढला की बघू काय म्हणतात ते.

तोवर तुझ्यासाठी ड्युअल बूट, म्हणजे एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही. पण एक पेच आहे त्यात. विंडोज ११ वर व्हॅनगार्डला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) दोन्ही चालू लागतं, आणि आपली पोरं लिनक्स टाकताना पहिलं काम काय करतात तर बायोसमधे जाऊन सिक्युअर बूट बंद. करू नकोस. उबंटू, मिंट, फेडोरा सिक्युअर बूट चालू असतानाच बसतात. एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकताना उबंटू तुला एक पासवर्ड ठेवायला लावील, आणि रीस्टार्ट केल्यावर एक निळी स्क्रीन येईल, तिथं दहा सेकंदाच्या आत कुठलंतरी बटण दाबायचं, एनरोल मोक (ड्रायव्हरच्या सहीला मान्यता देणं) निवडायचं आणि तोच पासवर्ड टाकायचा. बहुतेक जण ती स्क्रीन बघून घाबरतात किंवा चहा घ्यायला गेलेले असतात, स्क्रीन निघून जाते, ड्रायव्हर लोड होत नाही आणि मग ‘लिनक्सवर एनव्हिडिया चालत नाही’ म्हणून बोंबलत फिरतात. तेवढे दहा सेकंद समोर बसून राहा.

आणि मजल्यावरच्या पोरांना काउंटर-स्ट्राइक २ किंवा डोटा २ वर ओढता आलं तर बघ, दोन्ही फुकट आहेत आणि थेट लिनक्ससाठी बनवलेल्या आहेत, प्रोटॉनची पण गरज नाही.

प्रश्न (माजलगाव): माझं छोटं सायबर आहे. मशीन सगळ्या तिसऱ्या पिढीच्या आय५, ८ जीबी रॅम, जीटी ७३० कार्ड. फॉर्म भरायचं काम संपलं की पोरं तासावर गेम खेळतेत. विंडोज ११ बसत नाही म्हणले. लिनक्स टाकलं तर गेमचं गिऱ्हाईक टिकंल का?

उत्तर: विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम लागतं, त्यामुळं तिसरी पिढी गेली ती गेलीच. लिनक्स मिंट या मशीनवर झक्कास चालंल, फॉर्म-पीडीएफ-प्रिंटचं काम निघंल. पण गेमला तुमचं कार्ड आडवं येईल, प्रोसेसर नाही. जीटी ७३० केप्लर पिढीचं आहे (काही तर त्याच्याही आधीच्या फर्मी चिपवर निघालेत), त्याला एनव्हिडियाचा जुना ४७० सिरीजचा ड्रायव्हर लागतो आणि डीएक्सव्हीके आता व्हल्कन १.३ मागतं, ते या कार्डात नाही. म्हणजे नवं प्रोटॉन घेऊन उपयोग नाही. डायरेक्टएक्स ९ च्या काळातल्या गेमांसाठी प्रोटॉनला डीएक्सव्हीके सोडून वाइनचा जुना ओपनजीएलचा (व्हल्कनच्या आधीची चित्रं काढायची पद्धत) रस्ता धरायला लावता येतं, त्यात जुन्या गेमा निघतात, पण पोरं आज जे मागतात ते नाही.

सेकंडहँड कार्ड बघत असाल तर लिनक्ससाठी एएमडीचं आरएक्स ५७० किंवा ५८० बघा, त्याचा ड्रायव्हर कर्नल आणि मेसामधे (लिनक्ससोबतच येणारं ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर) आधीच असतो, काही टाकावं लागत नाही. पण त्याला वेगळी पॉवरची वायर लागते, तुमच्या कॅबिनेटसोबत आलेला लोकल एसएमपीएस (पॉवर सप्लाय) त्याला पुरायचा नाही, तो आधी बदला. त्यात मायनिंगला वापरून फेकलेली कार्डं बाजारात लै आहेत, तासभर गेम चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि सगळ्या मशीनला एकदम घेऊ नका, दोन मशीनला टाकून बघा, पोरं बसायलीत का ते दिसंल.

प्रश्न (गंगाखेडजवळचं खेडं): आमच्याकडं वायफाय नाही, मोबाइलचं रोजचं दीड जीबी. गेम डाउनलोड करायला महिना जाईल. परभणीच्या मित्राकडं विंडोजवर स्टीमच्या गेम हायत, पण त्या लिनक्सला चालणार नाहीत ना?

उत्तर: चालतात! ही प्रोटॉनची सगळ्यात भारी गोष्ट आहे आणि कुणी सांगत नाही. प्रोटॉन विंडोजच्याच फाइली वापरतं, त्यामुळं मित्राच्या स्टीमच्या फोल्डरमधे स्टीमॲप्स, त्यात कॉमन, त्यातलं गेमचं फोल्डर हार्डडिस्कवर उचलून आण. लिनक्समधे होम फोल्डरमधे कंट्रोल एच दाबलं की लपलेली फोल्डरं दिसतात, तिथं डॉट लोकल, शेअर, स्टीम, स्टीमॲप्स, कॉमन अशा वाटेनं जाऊन ते तसंच ठेव. नावाचं एक अक्षर पण बदलू नको, लिनक्सला छोटं-मोठं अक्षर वेगळं वाटतं. मग स्टीममधे इन्स्टॉल दाब, ते आहे त्या फाइली तपासतं आणि कमी पडलेलंच ओढतं. गेम तुझ्या अकाउंटवर पाहिजे हे सांगायला नको. गेमचं लिनक्सचं वेगळं व्हर्जन असेल तर आधी प्रॉपर्टीजमधे जाऊन प्रोटॉन सक्तीचं कर, नाहीतर स्टीम सगळं नव्यानं ओढायला लागंल आणि तुझं दीड जीबी दहा मिनिटात साफ.

मित्राची डिस्क एनटीएफएस (विंडोजची फाइली ठेवायची पद्धत) असते, तिच्यावरूनच गेम चालवायचा मोह होतो, ते टाळ. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक खोटी सी ड्राइव्ह बनवतं, त्यात ‘सी’ अक्षर आणि पुढं विसर्गासारखी दोन टिंबं अशा नावाच्या लिंक असतात, आणि विंडोजला असली टिंबं फाइलच्या नावात चालतच नाहीत, मग कधी गेम उघडत नाही कधी विंडोज डिस्क दुरुस्त करायला बसतं. लिनक्सच्या स्वतःच्या एक्स्ट४ पद्धतीच्या पार्टिशनवर कॉपी करून घे आणि तिथूनच चालव.

प्रोटॉन आणि त्याचं रनटाइम एकदा डाउनलोड करावंच लागंल, ते तालुक्याला गेल्यावर कुणाच्यातरी वायफायवर उरकून घे आणि तिथंच गेम एकदा उघडून बघ, मग घरी ऑफलाइन मोड. सेटिंगमधल्या डाउनलोडमधे शेडर प्री-कॅशिंग (गेमच्या चित्रांची तयारी आधीच डाउनलोड करून ठेवणं) बंद कर, ते गुपचूप शेकड्यानं एमबी खातं. बंद केल्यावर नवीन जागी गेलं की गेम जरा अडखळंल, नंतर होईल सुरळीत.

प्रश्न (जालना): लिनक्सवर व्हायरस येत नाही म्हणतेत. मग क्रॅक केलेल्या गेम वाइनमधी बिनधास्त टाकता येतील का?

उत्तर: वाइन विंडोजचा गेम चालवतं तसं विंडोजचा व्हायरस पण चालवू शकतं. शिवाय वाइनमधे झेड ड्राइव्ह असते ती थेट तुमच्या पूर्ण लिनक्सकडं बघते, म्हणजे घरातले फोटो, कागदपत्रं सगळं क्रॅकवाल्याच्या हाताशी. फुकटच पाहिजे असंल तर हिरोइक नावाचं लाँचर टाका, त्यात एपिकचं अकाउंट जोडता येतं आणि एपिक दर आठवड्याला काहीतरी फुकट देतं. सुपरटक्सकार्ट, झिरो एडी, ओपनटीटीडी या तर मुळातच फुकट आहेत, आणि ओपनटीटीडीला हात लावायचा असेल तर दुसऱ्या दिवशी सुट्टी आहे ना ते बघून लावा.

प्रश्न (नांदेड): लहानपणीची व्हाइस सिटी चालंल का हो?

उत्तर: चालते. ती डायरेक्टएक्स ८ ची, आणि डीएक्सव्हीकेमधे २०२४ पासून आठचीही सोय आहे. जुन्या सीडीवाल्या बाकीच्या गेमांमधे सेफडिस्कची (सीडीची कॉपी होऊ नये म्हणून लावलेलं कुलूप) भानगड असते, ती विंडोज १० नं २०१५ लाच बंद केली, त्यामुळं त्या गेमा तुमच्या शेजाऱ्याच्या विंडोजवर पण अडतात. सीडी सापडली तरी ड्राइव्ह कुठून आणणार हा वेगळा प्रश्न.

प्रश्न (धाराशिव): स्टीम डेक घेऊ का, का त्याच पैशात पीसी असेंबल करू?

उत्तर: पीसी. डेक आपल्याकडं कंपनी अधिकृतपणे विकत नाही, बाहेरून मागवलेला मिळतो, जास्तीचे पैसे जातात आणि उद्या बटण गेलं तर वॉरंटीसाठी कुणाच्या दारात जाणार. पण डेक न घेताही त्याचा फायदा घ्या, स्टीमवर गेमच्या पानावर डेकसाठी तपासल्याची हिरवी खूण आहे का बघा, ती असेल तर तुमच्या साध्या लिनक्स पीसीवर पण ती गेम चालण्याची खात्री बरीच वाढते. शंका असेल तर प्रोटॉनडीबीवर गेमचं नाव टाका, तिथं लोकांनी कुठल्या कार्डावर काय झालं ते लिहिलेलं असतं, आपल्यासारखंच कार्ड असलेल्याचं वाचा आणि तारीख बघून वाचा, चार वर्षांपूर्वीची तक्रार आज खरी असेलच असं नाही.