चेहरा तेलकट आहे आणि तरी ताणल्यासारखा होतो. रत्नागिरीहून नाशिकला आल्यापासून हे सुरू झालंय. नक्की लावू तरी काय?

तुमचा प्रश्न वाचला आणि बारा वर्षांपूर्वीची मीच आठवले. दुपारी बारापर्यंत कपाळ आणि नाक चकाकायला लागतं, म्हणून तुम्ही तोंड धुता. धुतलं की गाल ताणतात. क्रीम लावलं की हनुवटीवर पुळ्या. आई फोनवर सांगते खोबरेल लाव, होस्टेलची मैत्रीण म्हणते मुलतानी माती लाव. दोघींचं ऐकून झालंय आणि चेहरा दोघींवर रुसलाय.

मी त्वचारोगतज्ज्ञ नाही. सातपूरला एका कारखान्याच्या क्वालिटी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे पीएच (पदार्थ आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, ७ च्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी), ग्लिसरीन या मंडळींशी रोजची उठबस आहे, एवढंच. बाकीचं शहाणपण स्वतःचा चेहरा खराब करून मिळवलेलं.

आधी एक बघा. सकाळी उठल्यावर, तोंड धुवायच्या आधी, खिडकीपाशी आरसा घेऊन बसा आणि बोटाने गाल हलकेच वर सरकवा. दुधावरची साय चमच्याने ढकलली की तिच्यावर कशा बारीक चुण्या पडतात, तशा दिसल्या तर त्वचेत पाणी कमी आहे. मग एक टिश्यू नाकावर दाबा. तो भज्यांच्या कागदासारखा पारदर्शक झाला तर तेल भरपूर आहे. दोन्ही एकाच चेहऱ्यावर दिसू शकतं, त्यात विरोधाभास काही नाही. तेल ग्रंथींमधून येतं. पाणी त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात, कागदाहूनही पातळ अशा मृत पेशींच्या थरात धरून ठेवलेलं असतं. दोन वेगळी खाती आहेत. एकात शिल्लक आहे म्हणून दुसऱ्यातला खड्डा भरत नाही.

घरातलं उदाहरण सांगते. भाकरी तव्यावर टाकली की आपण वरून पाण्याचा हात फिरवतो, नाहीतर तिला भेगा पडतात. हात फिरवायला विसरलात आणि नंतर वाटीभर तूप ओतलंत तर भाकरी तुपकट होईल, मऊ नाही होणार. तुमचा गाल सध्या ती भाकरी आहे.

आता नाशिकच का? रत्नागिरीत समुद्र उशाशी, हवा बारा महिने दमट. तिथे त्वचेतलं पाणी उडायला बाहेर जागाच नसते. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचावर. पावसाळा सरला की हवा कोरडी होत जाते. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो आणि बागायतदार मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात. मार्च ते मे ऊन तेवढंच कोरडं. अशा हवेत त्वचेतलं पाणी गुपचूप उडत राहतं, घामासारखं दिसतही नाही. वरून होस्टेलचं गीझरचं कडकडीत पाणी आणि क्लासमधला एसी. तुमच्या ग्रंथी मात्र रत्नागिरीत जेवढं तेल सोडायच्या साधारण तेवढंच इथेही सोडतात, उन्हाळ्यात त्वचा तापली की थोडं जास्तच. पाणी घटलं, तेल तिथेच राहिलं.

माझं तर मूळ नाशिक, तरी मी हे ओढवून घेतलं होतं. दिवसातून पाच वेळा साबणाने तोंड धुवायचे. रविवारी मुलतानी मातीत लिंबू पिळून, माती तडकेपर्यंत पंख्याखाली बसायचे, आणि ती तडकली की वाटायचं, वा, काम झालं! डिसेंबरात मावसबहिणीचं लग्न होतं. पार्लरवालीने फाउंडेशन लावलं आणि नाकाच्या दोन्ही बाजूंनी पोपडे उभे राहिले, त्यांच्यामधून तेल. फोटोत मी तळलेल्या पापडासारखी दिसते, फोड आलेली आणि तेलकट.

नंतर एकदा साहेबांना विचारून पीएच पेपरच्या चार पट्ट्या घरी आणल्या. बेसिनपाशी अंगाच्या साबणाचा फेस करून पट्टी टेकवली. पिवळी पट्टी बघता बघता निळी झाली, ९ ते १०. दुसरीवर लिंबाचा थेंब टाकला, लालभडक, २ च्या आसपास. त्वचेचा स्वतःचा पीएच साधारण साडेचार ते साडेपाच. या मोजपट्टीवर एकेक आकडा म्हणजे दहापटीचा फरक. म्हणजे मी रोज चेहऱ्याला एका टोकाला नेत होते आणि रविवारी दुसऱ्या टोकाला नेऊन आपटत होते. आई मागून म्हणाली, ‘आता साबणाचीही परीक्षा घेणार का?’ घेतली, आणि साबण नापास झाला. अंगाला ठीक आहे, चेहऱ्याला नको. अल्कधर्मी साबण पेशींच्या मधला सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांचा गिलावा खरवडून नेतो आणि पाणी तिथूनच निसटतं.

म्हणून तुम्हाला पहिले चार आठवडे मी काही लावायला सांगणार नाही, काढायला सांगेन. मुलतानी माती, बेसन, लिंबू, स्क्रब, अल्कोहोलवाला टोनर, सगळं बंद. सॅलिसिलिक ॲसिड किंवा रेटिनॉल स्वतःहून लावत असाल तर तेही. डॉक्टरांनी दिलेलं असेल तर त्यांना विचारूनच थांबवा. चारच आठवडे का, तर वरचा थर नव्याने भरून यायला साधारण तेवढा वेळ लागतो. तिसऱ्या दिवशी ‘काहीच फरक नाही’ म्हणून मला शिव्या घालू नका.

तोंड धुणं दिवसातून दोनदा. संध्याकाळी सौम्य फेसवॉश, सकाळी नुसतं पाणी पुरलं तर उत्तम. फेसवॉश निवडताना फेस किती होतो ते बघू नका. पाठीमागची यादी वाचा आणि सोडियम लॉरिल सल्फेट अगदी वर दिसलं तर ट्यूब परत ठेवून द्या. पाणी कोमट, त्यातही गारकडे झुकणारं. होस्टेलला बोअरचं जड पाणी येत असेल तर साबण सोडायला आणखी एक कारण, कारण जड पाण्यात साबणाचा साका होतो आणि तो त्वचेवर बसून राहतो. दुपारी चकाकी आली तर धुऊ नका, टिश्यू दाबून टिपा. घासू नका, टिपा.

मग खरं काम. तोंड धुतल्यावर टॉवेल नुसता टेकवा, चेहरा दमट असतानाच जेलसारखं हलकं मॉइश्चरायझर लावा. यादीत पहिल्या चार-पाच नावांत ग्लिसरीन हवं. पाणी धरून ठेवण्यात ग्लिसरीन जुनं, स्वस्त आणि अजूनही पहिल्या बाकावरचं. तसंच पाणी धरणाऱ्या हायलुरॉनिक ॲसिडचं कौतुक फार चालतं, पण नाशिकच्या कोरड्या हवेत ते एकटं लावून सोडलं तर माझा तरी चेहरा अर्ध्या तासात आणखी ताणायचा. त्यावर क्रीमचा थर लागतोच. सिरॅमाइड असलेलं मिळालं तर सोन्याहून पिवळं. नायसिनामाइड, म्हणजे बी३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार, २ ते ५ टक्के असेल तर पाणी टिकतं आणि तेलही थोडं आवरतं. १० टक्क्यांच्या मागे लागू नका, काहींचा चेहरा त्याने चुरचुरतो. पूर्वी क्रीमने पुळ्या आल्या असतील तर बहुधा ते क्रीम तुमच्यासाठी जड होतं. क्रीम ही चीजच वाईट असं नाही. नवीन काही आणलं की आधी आठवडाभर जबड्याच्या कडेला लावून बघा.

सकाळी त्यावर सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा ५०, जेलवालं, तर्जनी आणि मधल्या बोटावर ओढलेल्या दोन रेघा भरतील एवढं. स्कूटीवर स्कार्फ बांधता म्हणून सनस्क्रीन नको, असं नाही. आणि तो स्कार्फ रोज धुवा. कॉलेज रोडला सिग्नलवर उभं राहिलं की दिसतं, आठवडाभराचा घाम आणि धूळ आपण प्रेमाने गालाला गुंडाळून फिरत असतो.

सगळीकडे सांगतात की त्वचा कोरडी केली की ती चिडून जास्त तेल सोडते. मला हे तितकंसं पटत नाही. ग्रंथींचा कारभार मुख्यतः संप्रेरकांच्या हातात आहे, गालावर किती तेल उरलंय ते मोजायला तिथे कुणी बसलेलं नाही. तेव्हा मॉइश्चरायझर लावून तेल थांबेल अशी आशा धरू नका. थांबेल ते ताणणं, चुरचुरणं आणि पोपडे. चकाकी राहील, फक्त पोपड्यांवर साचलेल्या तेलासारखी मळकट दिसणार नाही. तसंच दिवसाला चार लिटर पाणी ढोसण्याचं. तहानेइतकं प्या. पोटातलं जास्तीचं पाणी गालापर्यंत येत नाही, ते दर तासाला दुसरीकडेच नेतं.

चार आठवड्यांनी चुण्या गेल्या की सॅलिसिलिक ॲसिड परत आणता येईल. ते तेलात विरघळतं म्हणून रंध्रात उतरतं. २ टक्क्यांपर्यंतचं, आठवड्यातून दोन रात्री, बस. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे इथल्या रंगीत पाण्याच्या हौदात, उडी मारायची असेल तर त्या आठवड्यात तेही नको, हे मी रडून शिकले आहे.

दोन गोष्टींसाठी मात्र डॉक्टर गाठा. एक, पोपडे पिवळट, चिकट असतील आणि भुवया, नाकाच्या कडा, कानामागे अशा ठरावीक जागी येत असतील, डोक्यात कोंडाही असेल, तर तो बहुधा सेबोऱ्हिक डर्मटायटिस. त्यावर बुरशीविरोधी औषध लागतं, मॉइश्चरायझरने ते जात नाही. दुसरं, पुळ्यांसोबत पाळी पुढेमागे होत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील तर हार्मोन्स तपासून घ्या. आणि मेडिकलवाला ‘हे लावा, चार दिवसांत चेहरा क्लिअर’ म्हणून एखादी ट्यूब पुढे सरकवेल. मला सरकवली होती. तिच्यावर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांतलं काही लिहिलेलं असेल तर ते स्टिरॉइड आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय तोंडाला लावू नका. चार दिवस खरंच छान दिसतं. मग त्वचा पातळ होते, लाल पडते आणि ट्यूब सोडली की दुप्पट पुळ्या येतात. माझे त्यात आठ महिने गेले.

राहिलं खोबरेल. तेलकट, पुळ्यांच्या चेहऱ्यावर ते रंध्रं बुजवू शकतं, म्हणून चेहऱ्याला नाही. पण आईने घाण्यावरचं तेल बाटलीत भरून, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधून पाठवलं असेल, तर ‘लावत नाही’ असं फोनवर सांगू नका. रात्री टाचांना आणि कोपरांना लावा आणि बिनधास्त म्हणा, लावलं.