अमेरिकेत विधेयक पास व्हायच्या आधीच काउंटीवर, म्हणजे तिथल्या जिल्ह्यावर, किती खर्च पडेल हे कसं काढतात? आणि तो आकडा किती खरा धरायचा?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. जिथे आकड्याच्या जागी ‘नगण्य’ असं लिहिलेलं असेल तिथे अजिबात विश्वास ठेवू नका. मी टेक्सासमधल्या एका मध्यम काउंटीच्या बजेट ऑफिसमध्ये नऊ वर्षं काढली आणि या एका शब्दावरून माझं साहेबांशी जे वाजलं ते अजून डोक्यातून गेलेलं नाही.

२०१७ च्या अधिवेशनातली गोष्ट. टेक्सासचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदाच बसतं, विषम वर्षी, १४० दिवस, त्यामुळे त्या काळात विधेयकांची नुसती रीघ असते आणि आमच्या काउंटीवर काय बोजा पडेल ते दोन-तीन दिवसांत काढून द्यावं लागायचं. त्यात सँड्रा ब्लँडच्या नावाचं विधेयक आलं. २०१५ साली तिला ट्रॅफिक स्टॉपवरून पकडलं आणि तीन दिवसांनी ती वॉलर काउंटीच्या जेलमध्ये कोठडीत मेलेली सापडली. कायदा हवाच होता, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. त्यात बऱ्याच गोष्टी होत्या, त्यातली एक म्हणजे प्रत्येक जेलरला मानसिक आरोग्याचं ८ तासांचं ट्रेनिंग.

साहेबांनी ते वाचलं आणि म्हणाले, वर्ग शेरीफचाच (काउंटीचा पोलीसप्रमुख, जेलही त्याच्याकडेच) माणूस घेणार, फी नाही, खोली आपली, मग खर्च कसला? लिहा नगण्य.

मला ते पटेना. मी ऑफिस सुटल्यावर सरळ जेलमध्ये गेले, संध्याकाळी सहाला शिफ्ट बदलते तेव्हा. तिथल्या सार्जंट बाईंनी मला ड्युटीचा कागद दाखवला. पेन्सिलने लिहिलेली नावं, खोडून खोडून कागद मधोमध भुरकट झालेला, आणि तीन नावांपुढे ओटी, म्हणजे ओव्हरटाइम. टेक्सासमध्ये ४८ कैद्यांमागे एक जेलर हा नियम आहे. बाई म्हणाल्या, एक माणूस वर्गात बसला की त्याच्या जागी मला सुट्टीवरचा माणूस घरून बोलवावा लागतो, आणि तो दीडपट पगाराने येतो. एवढंच. हे कुठल्याही विधेयकात लिहिलेलं नसतं, पण पैसे तिथेच जातात.

रात्री घरी बसून हिशोब केला. आमचे १२० जेलर, प्रत्येकी ८ तास, म्हणजे ९६० तास. तासाला साधारण २० डॉलर, दीडपट म्हणजे ३०. झाले २८,८०० डॉलर, वर पेन्शन आणि सोशल सिक्युरिटीचा आमचा वाटा वेगळा. सकाळी साहेबांच्या टेबलावर ठेवलं तर म्हणाले, एवढ्या मोठ्या बजेटमध्ये २८ हजार म्हणजे काय? मी म्हटलं, आज माझ्या टेबलावर अशी चाळीस विधेयकं पडली आहेत आणि प्रत्येकापुढे तुम्ही हेच म्हणणार आहात. शेवटी गेलं ते नगण्यच गेलं.

त्या जूनमध्ये कायदा झाला. कोठड्यांसाठी सेन्सर किंवा कॅमेरे बसवायला राज्याने फंड ठेवला, पण तो ९६ किंवा त्याहून कमी कैद्यांची सोय असलेल्या छोट्या जेलांना, आमचं त्याहून मोठं. म्हणजे ते पैसेही आमच्याच जनरल फंडातून, काउंटीच्या सर्वसाधारण तिजोरीतून. पुढच्या वर्षी जेलचा ओव्हरटाइम उन्हाळ्याच्या आधीच संपला आणि एका रस्त्याचं काम पुढे ढकलावं लागलं. त्या रस्त्यावरच्या लोकांना कोणी सांगितलं नाही की का.

वर २०१९ ला राज्याने काउंटीच्या प्रॉपर्टी टॅक्सवर बंधन आणलं, आधी ८ टक्क्यांपर्यंत महसूल वाढवता यायचा, आता साडेतीनच्या वर गेलात की मतदान घ्यायचं. कामं अंगावर टाकणारे तेच आणि हात बांधणारेही तेच. अशा वेळी २८ हजारसुद्धा जाणवतात.

बाकी पद्धत म्हणाल तर राज्यात विधेयकासोबत फिस्कल नोट, म्हणजे खर्चाच्या अंदाजाचं टिपण, असते, त्यात स्थानिक संस्थांचा वेगळा परिच्छेद असतो, तो वाचा. केंद्राच्या पातळीवर १९९५ चा अनफंडेड मँडेट्सचा, म्हणजे पैसे न देता लादलेल्या कामांचा, कायदा आहे, पण मदतीच्या अटी म्हणून जे लादलं जातं ते बहुतेक त्यातून निसटतं. तुम्ही न्यू जर्सीत राहत असाल तर स्नॅपकडे, म्हणजे गरिबांना अन्नासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीकडे, लक्ष ठेवा. २०२५ च्या कायद्याने त्याच्या ऑफिसखर्चातला केंद्राचा वाटा ऑक्टोबर २०२६ पासून ५० वरून २५ टक्के केलाय, आणि न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया धरून दहा राज्यांत ते काम काउंट्याच चालवतात.

माझे बाबा नाशिकला जिल्हा परिषदेत हिशोबाच्या टेबलावर होते. शासन निर्णय आला की ते शेवटचं पान आधी बघायचे, खर्च कुठल्या लेखाशीर्षातून भागवायचा ते लिहिलंय का. मीही तेच सांगेन, मधली पानं नंतर वाचा. आणि पैसे कुठून येणार हे आधीच लिहून ठेवणं अशक्य नसतं हो. २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात आणि बाकी महापालिकांचा एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, तेव्हा महाराष्ट्राने भरपाई दरवर्षी ८ टक्के वाढीसकट कायद्यातच घातली.

एक मात्र खरं, काउंट्याही आकडे फुगवतात. नावडतं विधेयक असलं की नवीन गाड्या, नवीन माणसं सगळं त्यात घुसवतात, मी स्वतः असे कागद परत पाठवलेत. आणि वरचं सगळं टेक्सासचं आहे, कॅलिफोर्नियात १९७९ पासून राज्याने लादलेल्या कामाचे पैसे परत मागायची घटनेतच तरतूद आहे, तिथला हिशोब वेगळा. तेव्हा कोणी आकडा दिला की त्यात तास किती आणि त्या तासांत मूळ जागेवर कोण उभं राहणार, हे विचारा. साहेब आता रिटायर झालेत, भेटले की अजूनही म्हणतात तू उगाच ताणलंस. ताणलं नव्हतं. त्या रकान्यात २८,८०० च लिहायला हवे होते.