ओसीटीत थर पातळ आला म्हणून लगेच स्मृतिभ्रंश धरू नका

वडिलांच्या ओसीटी (डोळ्यातल्या पडद्याच्या थरांचा स्कॅन) रिपोर्टवर मज्जातंतूंचा थर पातळ, लाल रंगात आलाय, हल्ली ते विसरतातही, म्हणून ही अल्झायमरची सुरुवात का, असं तुम्ही विचारलंय. आईचा रिपोर्ट हातात आला तेव्हा आमचीही झोप अशीच उडाली होती.

तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. दृष्टिपटल, म्हणजे डोळ्यातला हा पडदा, मेंदूचाच भाग, आणि अल्झायमरच्या रुग्णांत हा थर सरासरीने पातळ आढळतो. पण सरासरीने. काचबिंदूतही तोच थर झिजतो, मोठा मायनस नंबर असला तरी पातळ दिसतो, मोतीबिंदूमुळे सिग्नल कमी मिळाला तरी आकडा खाली येतो. एका स्कॅनवरून स्मृतिभ्रंशाचं निदान होत नाही.

आमचं चुकलं ते इथेच. आई पाणी ओतायची आणि धार ग्लासाच्या शेजारी पडायची. जिना उतरताना शेवटची पायरी चुकायची. आम्ही ठरवूनच टाकलं, हिचं डोकं चालेनासं झालंय. स्मरणशक्तीच्या चाचणीतही गुण कमी आले. त्यात घड्याळ काढायचं, प्राण्यांची चित्रं ओळखायची, म्हणजे डोळे लागतातच, हे कुणालाच सुचलं नाही. पहिल्या दवाखान्यात डोळ्याचं प्रेशर नॉर्मल म्हणून काचबिंदूचा विषयच मिटवला. प्रेशर नॉर्मल असूनही काचबिंदू असतो हो! 14 महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी फील्ड टेस्ट (समोर बघताना आजूबाजूचं, वरखालचं किती दिसतं याची चाचणी) करायला लावली, तोवर दोन्ही डोळ्यांची खालच्या बाजूची नजर बरीच गेली होती. ती परत येत नाही.

वर त्या दवाखान्याने जुने स्कॅन दिले नाहीत. तीन खेपा घातल्या, दर वेळी ‘सिस्टिम बदलली’. झीज किती वेगाने होतेय हे जुन्या स्कॅनशी ताडूनच कळतं, शिवाय एका कंपनीच्या मशीनचे आकडे दुसरीशी जुळत नाहीत. म्हणून सगळी पानं आजच मागून घ्या, पुढचा स्कॅनही त्याच मशीनवर करा.

मी डॉक्टर नाही, पण माझं मत ठाम आहे: आधी फील्ड टेस्ट आणि बाहुली मोठी करून डोळ्याच्या नसेची तपासणी. विसरण्याकडेही दुर्लक्ष नको. न्यूरोलॉजिस्ट, बी-12, थायरॉइड, कानांची तपासणी हे सोबतच चालू द्या. मोतीबिंदू असेल तर ‘आता या वयात कशाला’ म्हणून टाळू नका. उपचार न केलेलं अंधुक दिसणं 2024 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगानेही स्मृतिभ्रंशाच्या जोखमीच्या घटकांत धरलंय.

वडिलांचा चष्म्याचा नंबर किती, आणि फील्ड टेस्ट झालीय का, तेवढं कळवा.