इंडोनेशियातल्या खेड्यात जमीन घेऊन राहता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाली फिरून आलात, आता इंडोनेशियातल्या एखाद्या लहानशा गावात स्वस्तात जमीन घेऊन राहावं असं वाटतंय. भारतीय माणसाला ते जमतं का, आणि तिथलं रोजचं जगणं, येणं-जाणं कसं असतं?

जमीन घेता येत नाही. राहता येतं, पण तेही तुम्ही समजताय तितकं एकट्याने नाही.

मी मूळचा माण तालुक्यातला. बायको जावानीज, म्हणजे जावा बेटावरची, जोग्याकार्ता प्रांतातल्या गुनुंगकिदुल जिल्ह्यातली. जिल्ह्याचं ठिकाण वोनोसारी, त्याच्या दक्षिणेला तिच्या माहेरच्या वाडीवर सात वर्षं राहतोय. उंबरे पन्नासेक. जमीन चुनखडीची, पाऊस पडला की पाणी थेट पोटात गडप. कोरड्या महिन्यांत टँकर. दुष्काळी तालुका सोडून समुद्रापार गेलो आणि सासुरवाडीही दुष्काळीच निघाली, म्हणून आमचे वडील अजून हसतात.

आधी जमिनीचं. 1960 च्या जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी, म्हणजे 'हाक मिलिक', फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळते. (हाक म्हणजे आपला हक्कच, आणि मिलिक हा मालकाच्या कुळातला शब्द. परका देश वाटतच नाही.) परदेशी माणसासाठी 'हाक पाकाई', म्हणजे वापराचा हक्क आहे: 30 वर्षं, मग 20 ची मुदतवाढ, मग 30 चं नूतनीकरण. पण परदेशी माणसाने घ्यायच्या घराला सरकारने प्रांतवार किमान किंमत ठरवून दिलीय, आणि खेड्यातलं साधं घर तिच्या आसपासही जात नाही.

मग कुणीतरी तुम्हाला सांगेल, "स्थानिक माणसाच्या नावावर घ्या, आतून करार करू." तिथेच उठून चहा न पिता निघा. त्याच कायद्याच्या 26 व्या कलमानुसार असा व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. आपल्याकडे शेतकरी नसलेला माणूस गावातल्या कुणाच्या नावावर शेत घेतो आणि पुढे त्याच माणसाची पोरं मालक होऊन उभी राहतात, तसलंच प्रकरण.

बायको इथली असली म्हणजे सगळं सोपं, असंही नाही. सासऱ्यांच्या घराला लागून त्यांच्या चुलतभावाची पट्टी विकायला निघाली. आम्ही नोटरीकडे गेलो. बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "लग्नाआधीचा करार कुठाय?" मी बायकोकडे बघतोय, ती माझ्याकडे. झालं असं की लग्नानंतर विकत घेतलेली मालमत्ता दोघांची समजतात. म्हणजे अर्धी परदेशी माणसाची, आणि परदेशी माणसाकडे अशी मालकी आली तर एका वर्षात सोडावी लागते. सुदैवाने 2016 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने असा मालमत्ता-विभागणीचा करार लग्नानंतरही करायची मुभा दिली होती. तो केला, मग पट्टी घेतली. घेणाऱ्याला 5 टक्के कर, विकणाऱ्याला अडीच. आज जमिनीचा दाखला बायकोच्या नावावर आहे आणि मी कागदोपत्रीसुद्धा घरजावई.

घराची गोष्ट मात्र वेगळी, आणि मला तीच जास्त आवडते. जावात जुनं लाकडी घर ही चालती-फिरती वस्तू आहे. आमचं सागवानी 'लिमासान' (चारही बाजूंनी उतरत्या छपराचं) घर तीन गावं पलीकडे उभं होतं. म्हाताऱ्या मालकिणीच्या मुलांना सिमेंटचं हवं होतं. त्यांनी घर विकलं, जमीन ठेवली. सुताराने प्रत्येक खांबावर, तुळईवर खडूने खुणा केल्या, सगळं उतरवलं, दोन ट्रकांत घातलं. आमच्या पट्टीवर आधी फक्त दगडी 'उम्पाक' मांडले होते, म्हणजे खांबाखालचे बैठे दगड. रविवारी पहाटे वाडीतले पुरुष आले, दुपारपर्यंत सांगाडा उभा. याला 'सांबातान' म्हणतात. मजुरी एक पैसा नाही. चहा, सिगारेट, दोन वेळचं जेवण. जेवण रांधायला बायका आदल्या रात्रीपासूनच चुलीशी. सासूबाईंनी वहीत कोण आलं ते लिहून ठेवलं. मला वाटलं कौतुकाने लिहिताहेत. नंतर कळलं, ती आपल्या आहेराच्या वहीसारखी वही आहे: ज्याच्या घरचा माणूस आला, त्याच्या घरी आपण जायचं. गेल्या महिन्यातच एकाच्या छपरावर कौलं चढवून आलो.

म्हणून म्हटलं, एकट्याने जमत नाही. इथे तीस-चाळीस घरांचा एक गट असतो, 'एर-ते', आणि त्याचा एक म्होरक्या. त्याला नावाने कुणी हाक मारत नाही, 'पाक एर-ते' म्हणायचं, जसं आपण सरपंच म्हणतो. गावाच्या तोंडाशी पाटी: पाहुणा 24 तासांहून जास्त राहिला तर कळवा. तुम्ही कुठेही भाड्याने राहिलात तरी पहिल्या दिवशी पाक एर-तेंच्या ओट्यावर जाऊन बसा. तेवढ्यावर निम्मं काम होतं.

दारासमोर एक छोटा डबा टांगलेला असतो, 'जिम्पितान'चा. पूर्वी मूठभर तांदूळ टाकायचे, आता बहुतेक ठिकाणी 500 रुपियाचं नाणं. (ढोबळमानाने आपल्या एका रुपयाला 185-190 रुपिया.) रात्री पाळीचे गस्तवाले ते गोळा करतात, त्यातून वाडीची फुटकळ कामं होतात. मी आल्यावर दोन महिने आमच्या दारी डबा नव्हता. एका सकाळी पाक एर-ते स्वतः खिळा ठोकत होते. "आजपासून तुमचीही पाळी," एवढंच म्हणाले. मंगळवारी रात्री दहा ते दोन मी लाकडी घंटा वाजवत हिंडतो. बायकांची 'आरिसान' असते, ती म्हणजे हुबेहूब आपली भिशी.

बाजार आठवड्याचा नाही, पाच दिवसांचा. जावानीज पंचांगात सात वारांबरोबर पाच दिवसांचं दुसरं चक्र फिरतं: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. आमच्या जवळचा बाजार पाहिंगला. मला अजून हिशेब चुकतो, रिकामी पिशवी घेऊन परत येतो. वाटेत दहा जण विचारणार, "कुठे निघालात?" उत्तर द्यायची गरज नसते. आपल्याकडच्या "जेवलात का?" सारखंच ते.

प्रवासाचं थोडक्यात. भारतीयांना पोहोचल्यावर व्हिसा मिळतो, 5 लाख रुपिया, 30 दिवस, एकदाच आणखी 30 वाढवता येतात. मुदत ओलांडली तर दंड दिवसाला 10 लाख रुपिया, त्यामुळे तारीख भिंतीवर लिहून ठेवा. जोग्याचा नवा विमानतळ शहराच्या पश्चिमेला, आम्ही पूर्वेला, म्हणजे उतरल्यावरही निम्मा दिवस गेलाच. शहर ते वोनोसारी सुमारे 40 किलोमीटर, मध्ये पातुकचा घाट. पुढे वाडीपर्यंत स्कूटर. वाहनं डाव्या बाजूने चालतात, तो एक दिलासा. पण आतले रस्ते म्हणजे काँक्रीटच्या दोन पट्ट्या, मध्ये गवत, आणि समोरून चाऱ्याचा भारा घेऊन येणारा आजोबा. पेट्रोल किराणा दुकानाबाहेर बाटलीत मिळतं.

तुमच्या जागी मी असतो तर जमिनीचा विचार सोडून वर्षभरासाठी घर भाड्याने घेतलं असतं. इथे भाडं वर्षाचं आगाऊ देतात. मात्र तेवढं राहायला पाहुण्याचा व्हिसा चालत नाही, राहण्याचा परवाना लागतो. तो कोणत्या कारणावर मिळतोय ते आधी बघा, घर नंतर.

आणि घर बघायला जानेवारीत येऊ नका. तेव्हा इथे पावसाळा, सगळं हिरवंगार असतं, टाक्या भरलेल्या असतात, घरमालक भलताच उदार असतो. सप्टेंबरमध्ये, इथल्या कोरड्या दिवसांत या. मागच्या दारी जाऊन पावसाच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडा, दोरीला दगड बांधून आत सोडा. कोरडा आवाज आला तर 5,000 लिटरच्या टँकरला काय पडतं आणि तो दारापर्यंत चढतो का, हे शेजारणीला विचारा. मालकाला नको.