बडोद्याहून स्पॅनिश साहित्याचा प्राध्यापक होता येईल का?

हो, येईल. पण शिक्षणाचा मधला टप्पा बडोद्याबाहेर काढावा लागेल. तुम्ही मराठीत बी.ए. करताय आणि स्पॅनिश ए२ या प्राथमिक पातळीपर्यंत आलीय, असं प्रश्नात लिहिलंय. आधी भाषा निदान बी२ या वरच्या मध्यम पातळीपर्यंत न्या. स्पेन सरकारच्या सेर्वांतेस संस्थेच्या देले या स्पॅनिश भाषा-परीक्षेचं प्रमाणपत्र मिळवा, त्याला मुदत नसते. मग एम.ए.साठी दिल्लीचं जेएनयू, दिल्ली विद्यापीठ किंवा हैदराबादची इफ्लू (इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ) बघा. युजीसी नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेला स्पॅनिश हा स्वतंत्र विषय आहे. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी.ला मोठा आधार होतो. कायमच्या जागा मात्र थोड्याच निघतात, हे घरी आत्ताच सांगून ठेवा.

संशोधनाबद्दल मनापासून सांगतो, मराठी सोडू नका. स्पॅनिशमधलं पुष्कळ साहित्य आपल्याकडे इंग्रजीवरून आलं. मूळ स्पॅनिश आणि मराठी, दोन्ही नीट वाचणारा माणूसच या प्रवासात काय गळलं, काय बदललं ते दाखवू शकतो, आणि असे लोक फार कमी आहेत. शिवाय तुम्हाला गुजराती येते! एकाच कादंबरीची मराठी आणि गुजराती भाषांतरं मुळाशी ताडून पाहणं हा पीएच.डी.चा उत्तम विषय होईल. सयाजीराव महाराजांनी साहित्यमाला काढून मराठी-गुजरातीत भाषांतरं करवून घेतली, त्या शहरातून हे काम व्हायलाच हवं. फक्त 'लॅटिन अमेरिका' असा ढोबळ विषय घेऊ नका. मेक्सिको, अर्जेंटिना, कोलंबिया यांपैकी एकच देश निवडा.