आवाज न ऐकलेला विद्यार्थी

“मॅडम, वर्गात आम्ही एकोणीस जण आहोत. अठरा जणांना देवाने हाक मारली. मला मारली नाही.”

माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेला तो, खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हे बोलला. पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मसेवक, होण्यासाठीच्या ईश्वरविज्ञानाच्या शिक्षणाचं त्याचं दुसरं वर्ष चालू होतं. त्याआधी चांगली पदवी, चांगली नोकरी, ती सोडून हे. त्याच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मी स्वतः ख्रिस्ती नाही. ‘पाचारण’, म्हणजे देवाने सेवेसाठी मारलेली हाक, हा शब्द मला पुस्तकातून माहीत होता, पण तो माणसाच्या मानेवर केवढं ओझं होऊन बसू शकतो हे या मुलाकडे पाहून कळलं. तेव्हापासून असे विद्यार्थी अधूनमधून येत राहिले. कुणी विचारतं, मला पाचारण आहे हे ओळखायचं कशावरून? कुणी विचारतं, अभ्यासाने माझीच श्रद्धा हलली, आता मी दुसऱ्यांना काय सांगणार? आईवडील विचारतात, एवढा शिकलेला मुलगा, त्याने हेच का करावं? या मुलाच्या वाट्याला तिन्ही प्रश्न एकदम आले होते.

पहिल्या भेटीत मी देवाबद्दल काहीच विचारलं नाही. झोप कशी आहे, जेवण जातं का, जिवाचं बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का, हे विचारलं. श्रद्धेचा प्रश्न घेऊन आलेला माणूस कधीकधी नैराश्याने आजारी असतो, आणि भोवतालचे लोक ‘आणखी प्रार्थना कर’ म्हणून त्याला अजून खोलात ढकलतात. तो आजारी नव्हता. झोप कमी होती, कारण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बायबलच्या नव्या कराराची मूळ भाषा, ग्रीक, तिची क्रियापदं पाठ करायचा. आणि एका कार्डाने त्याला छळलं होतं.

ते कार्ड त्याला चौदाव्या वर्षी, दृढीकरणाच्या, म्हणजे श्रद्धा जाहीरपणे पक्की करण्याच्या विधीच्या वेळी मिळालं होतं. त्यावर येशूची कथा सांगणाऱ्या मार्कच्या शुभवर्तमानातलं सोळाव्या अध्यायाचं पंधरावं वचन होतं: सर्व जगात जाऊन सुवार्ता सांगा. त्याच्या सगळ्या निर्णयाचा पाया म्हणजे हे वचन. दुसऱ्या वर्षी नव्या कराराच्या तासाला शिक्षकांनी शांतपणे सांगितलं की चौथ्या शतकातल्या सिनायटिकस आणि व्हॅटिकॅनस या दोन फार जुन्या हस्तलिखितांत मार्कचं शुभवर्तमान या सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशीच थांबतं. नववं ते विसावं ही वचनं तिथे नाहीत. ती मागाहून जोडली गेली असावीत असं बहुतेक अभ्यासक मानतात. आठव्या वचनात काय आहे? येशूची रिकामी कबर पाहून आलेल्या स्त्रिया थरथरत पळून जातात आणि कुणालाच काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात. संपलं.

“म्हणजे माझं वचन मूळ पुस्तकात नाहीच,” तो म्हणाला. “माझं पाचारण कुणीतरी मागून चिकटवलेलं आहे.”

हे वाक्य त्याने फार सफाईने म्हटलं. सफाईने म्हटलेल्या वाक्यामागे मी जरा थांबते. हस्तलिखितांचा धक्का खराच असतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्या कित्येकांना तो बसतो आणि बहुतेक जण त्यातून बाहेर येतात. पण ‘मागून चिकटवलेलं’ हा शब्द हस्तलिखितांपुरता नसावा असं मला वाटलं.

ते तिसऱ्या भेटीत बाहेर आलं. प्रवेशअर्जाबरोबर आपली साक्ष लिहून द्यावी लागते: देवाने आपल्याला या सेवेसाठी कसं बोलावलं. बाकीच्यांच्या साक्षी त्याने ऐकल्या होत्या. कुणी अपघातातून वाचलेलं, कुणाला स्वप्न पडलेलं. त्याच्याकडे असं काहीच नव्हतं. मंडळीतले, म्हणजे त्याच्या चर्चच्या समुदायातले, म्हातारे त्याच्याजवळ येऊन बोलत, त्यालाही त्यांच्यात बसायला आवडे, आणि नोकरीत तेवढं मन कधी रमलं नाही, एवढंच. म्हणून त्याने तापाची एक गोष्ट रचली. ताप खरा होता, पण तापात आपल्या नावाने मारलेली हाक ऐकली, हे खोटं. ती साक्ष वाचून प्रवेशसमितीतल्या कुणाचे तरी डोळे भरून आले होते. दीड वर्ष हे तो कुणाशी बोलला नव्हता.

मी त्याला लगेच ‘जाऊन सांग’ म्हटलं नाही. त्याला घरचा अभ्यास दिला, तोही त्याच्याच विषयातला: “तुमच्या चर्चच्या इतिहासात आवाज न ऐकता गेलेलं कुणी आहे का, बघून ये.”

पुढच्या वेळी वही भरून आणली. पुढे मोठा ख्रिस्ती विचारवंत ठरलेला ऑगस्टिन इ. स. ३९१मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो या गावी गेला तो पाळक व्हायला नव्हे. तिथल्या लोकांनी त्याला धरलं आणि बिशपपुढे उभं केलं, तो रडला. काहींना वाटलं, बिशपपदाऐवजी खालचं पद मिळालं म्हणून रडतोय! दीक्षेनंतर, म्हणजे पाळकपद मिळाल्यावर, त्याने बिशपला पत्र लिहून मागणं काय मागितलं, तर शास्त्राच्या अभ्यासासाठी थोडा वेळ. स्कॉटलंडचा धर्मसुधारक जॉन नॉक्स याला १५४७मध्ये भर उपासनेत प्रवचनकाराने सेवेसाठी बोलावलं, तेव्हा तो रडत उठून खोलीत निघून गेला. चौथ्या शतकातला नाझियान्झसचा ग्रेगरी तर दीक्षा झाल्यावर पळूनच गेला होता, आणि परतल्यावर आपण का पळालो याचं लांबलचक समर्थन त्याने लिहिलं.

“यांना हाक माणसांनी मारली,” मी म्हटलं.

“सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन दोन्ही म्हणतो,” तो म्हणाला. “एक मंडळीने रीतसर बोलावणं, आणि एक आतलं गुप्त पाचारण. पण ते आतलं म्हणजे आवाज नाही. हे पद हावेने किंवा मोठेपणासाठी घेत नाही याची मनाने दिलेली ग्वाही.” मग थोडं थांबून, “मी साक्ष मोठेपणासाठीच लिहिली होती.”

मधल्या काळात एकदा त्याचे वडील आले. मला वाटलं, पगाराचं बोलतील. पाळकाचं मानधन बेताचं असतं, घर बहुतेक वेळा मंडळीचं असतं, निवृत्तीच्या दिवशी डोक्यावरचं छप्परही जाऊ शकतं. हा हिशेब कुटुंबाने उघडपणे मांडावा, त्याला अश्रद्धा म्हणू नये, असं माझं मत आहे. येशूचा संदेश पसरवणारा पौलसुद्धा तंबू शिवून पोट भरत होता. पण या गृहस्थांना पैशांचं सांगायचंच नव्हतं.

“माझे वडील पाळक होते,” ते म्हणाले. “रात्री-अपरात्री लोक दार वाजवायचे आणि ते जायचे. आमच्या आजारपणात ते कुणाच्या तरी घरी प्रार्थना करत असायचे. ते गेले आणि महिन्याभरात आम्ही ते घर रिकामं केलं. त्यांना शेवटपर्यंत स्वतःचं रडणं कुणाला सांगता आलं नाही. माझ्या मुलाला असं व्हायला नको.”

हा विरोध नव्हता, अनुभव होता. मुलाने तो त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. आजोबांचे फोटो त्याने पाहिले होते, दारावरची थाप त्याला कुणी सांगितली नव्हती. पुढच्या दोन भेटी आम्ही याच्यावरच घालवल्या: सुट्टीचा दिवस कोणता, ‘आज नाही जमणार’ हे कोणत्या शब्दांत सांगायचं, स्वतःचं मन मोकळं करायला मंडळीबाहेरचं माणूस कोण. पाळकाला पाळक लागतो, हे शिक्षणाच्या वर्षांत ठसवायला हवं.

खरं वळण आलं ते रुग्णालयात. अनेक ठिकाणी पाळकीय शिक्षणात रुग्णालयातलं प्रशिक्षण असतं. त्याच्या सुरुवातीची एक गोष्ट मला फार प्रिय आहे. अँटन बॉइसन हे अमेरिकन पाळक १९२०मध्ये स्वतःच मनोरुग्णालयात भरती झाले होते. बरे झाल्यावर, १९२५मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर इथल्या मनोरुग्णालयात त्यांनी ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना शिकायला आणलं. ग्रंथ वाचता तशी जिवंत माणसंही वाचा, असं त्यांचं म्हणणं. या प्रशिक्षणात ‘व्हर्बेटिम’ लिहितात: रुग्णाशी झालेलं संभाषण आठवून शब्दशः कागदावर उतरवायचं आणि मग त्यावर चर्चा करायची.

त्याने आपला पहिला व्हर्बेटिम, रुग्णाची ओळख काढून, मला वाचून दाखवला. वयस्क बाई, मोठी शस्त्रक्रिया झालेली.

ती: रात्री झोपच येत नाही हो.

तो: स्तोत्रात लिहिलंय, देव आपल्या प्रियजनांना झोप देतो.

ती: मग मी त्याची प्रिय नसेन.

तो: तसं नाही, रोमकरांस पत्रात बघा…

इथे त्याचा आवाज थांबला. कागदावर पुढे अजून पाऊण पान होतं. बाईंची वाक्यं त्यानंतर दोनच होती: ‘हो’ आणि ‘बरं’.

मी काही बोलले नाही. तोच म्हणाला, “बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होते. बोलायला लागले आणि बिघडलं. हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवलेत, मॅडम.”

तो पुन्हा गेला. “मागच्या वेळी मी फार घाईने बोललो,” एवढं म्हणाला. बाई म्हणाल्या, “बसा मग.” तो चाळीस मिनिटं बसला. त्या बोलल्या, गप्प झाल्या, पुन्हा बोलल्या. शेवटी त्यांनीच प्रार्थना करायला सांगितलं. ती फार छोटी झाली, आणि त्यात झोपेचा उल्लेख होता.

“मी काहीच केलं नाही,” तो मला म्हणाला. “पण तिथून उठावंसं वाटत नव्हतं.”

इतक्या महिन्यांत ‘मी असायला हवं’, ‘मला वाटायला हवं’ असं न म्हणता तो पहिल्यांदाच बोलत होता. पाचारणाचा पुरावा म्हणून मी एका प्रसंगाकडे बोट दाखवणार नाही. तो माझा अधिकारही नाही. पण जे विचारतात त्यांना मी विचारते: दुसऱ्याच्या दुःखाशेजारी, कुणी बघत नसताना, किती वेळ बसवतं? आणि तिथून निघाल्यावर थकवा येतो की पोकळी? थकव्याला विश्रांती पुरते. पोकळीचं वेगळं बघावं लागतं.

या व्यवसायाला इतरांहून वरचा मानायलाही मी तयार नाही, आणि यात धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर माझ्या बाजूने आहे: १५२०मध्येच त्याने चांभार, लोहार, शेतकरी यांच्या कामाला पाळकाच्या कामाशेजारी बसवलं. मोल वेगळ्या गोष्टीत आहे. डॉक्टर बरं करायला येतो, वकील सोडवायला येतो. ज्याचं बरं होणार नाही आणि सुटणार नाही, त्याच्याकडेही यायचंच, असं ज्याच्या कामात लिहिलेलं आहे, असा माणूस समाजात फारसा सापडत नाही. त्या कामासाठी ग्रीक शिकायचं, इतिहास शिकायचा, कारण त्या खाटेवर पडलेला माणूस खोटं उत्तर लगेच ओळखतो.

सगळेच टिकत नाहीत. त्यानंतर आलेल्या एका विद्यार्थिनीने शिक्षण सोडलं. आता ती रुग्णसेवेत आहे आणि आनंदात आहे. तिच्याबाबतीत काही चुकलं असं मला वाटत नाही.

या मुलाने तापाची गोष्ट त्याच्या शिक्षकांना सांगितली. एक सत्रभर त्याला प्रवचनाच्या सरावातून बाहेर ठेवलं गेलं आणि साक्ष नव्याने लिहायला सांगितली गेली. नवी साक्ष एका पानात मावली. त्यात ताप नव्हता, मंडळीतले म्हातारे होते, आणि आजोबांच्या दारावरची थाप होती.

पुढच्या सत्रात सरावाचं प्रवचन द्यायची पाळी आली तेव्हा त्याने मार्क १६:८ घेतलं. कबरीपासून पळालेल्या, कुणालाच न सांगणाऱ्या बायका. शेवट तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला, असं त्याने फोनवर सांगितलं. अखेर “कारण त्या भ्याल्या होत्या” इथेच थांबून तो खाली येऊन बसला.

“मग?” मी विचारलं.

“मागच्या बाकावरून एकाने विचारलं, शेवटचं पान विसरलास का रे?”